लेक ऑफ द वुड्सवर बर्फातली मासेमारी: वॉलाय आणि बर्बट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिनेसोटात राहणारी मराठी मंडळी हिवाळ्यात एकदा तरी गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसतात. बऱ्याच जणांचा पहिला दिवस कोरा जातो. खाली दिलेली माहिती लेक ऑफ द वुड्सच्या मिनेसोटाकडच्या भागाची आहे. तंत्र मात्र लीच लेक किंवा मिल लॅक्ससारख्या गर्दीच्या तळ्यांवरही थोड्याफार फरकाने चालतं.

हे तळं कुठे आहे, आणि इथे एवढी गर्दी का?

मिनेसोटाच्या अगदी उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवर. मिनियापोलिसहून बॉडेट गावापर्यंत गाडीने साधारण पाच ते साडेपाच तास. तळं मिनेसोटा, ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा या तिघांत वाटलेलं आहे. चौदा हजारांहून जास्त बेटं आहेत, पण ती बहुतेक उत्तरेकडे, कॅनडाच्या हद्दीत. आपल्या बाजूचा बिग ट्रॅव्हर्स बे म्हणजे एक अफाट, उघडं, चिखलाच्या तळाचं ताट आहे. बहुतेक ठिकाणी खोली 25 ते 35 फूट.

गर्दीचं कारण सोपं आहे. राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर वॉलायचा, म्हणजे इथे खाण्यासाठी पकडतात त्या माशाचा, हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो, इथे तो 14 एप्रिलपर्यंत चालतो. शिवाय पाणी चहाच्या रंगाचं आहे. स्वच्छ पाण्याच्या तळ्यात वॉलाय संध्याकाळी तासभर तोंड उघडतो, इथे दिवसभर अधूनमधून खातो. त्यावर रिसॉर्टवाल्यांनी बर्फावर नांगरलेले रस्ते, तापवलेल्या खोपट्या, ने-आण करायला पट्ट्यांवर चालणाऱ्या बॉम्बार्डियर गाड्या. शनिवारी रात्री क्षितिजावर दिवे पाहिले तर गाव वसलंय असं वाटतं.

वॉलाय माहीत आहे. बर्बट म्हणजे काय?

कॉडच्या गोत्रातला गोड्या पाण्यात राहणारा एकमेव मासा. शास्त्रीय नाव लोटा लोटा. मिनेसोटात जुनी माणसं त्याला ईलपाऊट म्हणतात, कॅनडात लिंग (इंग्रजी ling) किंवा मरायाही म्हणतात. अंग वांबीसारखं लांब, डोकं बेडकासारखं चपटं, हनुवटीला एकच मिशी, खवले इतके बारीक की हाताला फक्त बुळबुळ लागते. वर काढला की शेपटी मनगटाला गुंडाळतो. त्याला घाबरून दोर कापणारे लोकही असतात.

हा मासा उन्हाळ्यात खोल, थंड पाण्यात पडून असतो आणि हिवाळ्यात जागा होतो. फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीला, बर्फाखाली, रात्री, वाळू-खडीच्या उथळ जागी तो अंडी घालतो. वॉलायचं उलट आहे. त्याची वीण बर्फ वितळल्यावर, एप्रिलच्या आसपास. म्हणून एकाच सहलीत दिवसा वॉलाय आणि रात्री बर्बट असं जमवता येतं, आणि आमच्या मते या तळ्यावर जायचं खरं कारण तेच आहे. दिवसभर वॉलाय करून अंधार पडला की सामान आवरणारे लोक सहलीचा अर्धा भाग सोडून जातात.

बर्फ किती जाड हवा?

नवीन, पारदर्शक, घट्ट बर्फासाठी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे आकडे असे: चालायला 4 इंच, स्नोमोबिलला 5 ते 7, छोट्या मोटारीला 9 ते 10, मोठ्या पिकअपला 16 ते 17 इंच. पांढरा, बर्फवृष्टी मुरून तयार झालेला बर्फ असेल तर आकडा दुप्पट धरा.

जानेवारीत इथे दोन फुटांच्या वर बर्फ असतो, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. धोका जाडीत नसतो, तो भेगांत असतो. एवढ्या मोठ्या तळ्यावर वारा आणि तापमानामुळे बर्फाच्या चादरी एकमेकींवर चढतात, त्या रेषेवर उघडं पाणी राहतं आणि वरून भुरभुरीत हिम पडलं की दिसत नाही. रिसॉर्टवाले अशा भेगांवर लोखंडी-लाकडी पूल टाकतात आणि रोज तपासतात. रस्त्याचं शुल्क त्यासाठीच असतं. ते वाचवायला स्वतःची वाट काढू नका.

रात्री बर्फातून तोफेसारखा आवाज येतो किंवा लांबवर शीळ घालत काहीतरी धावत गेल्यासारखं वाटतं. थंडीने बर्फ ताणला जातो त्याचा तो आवाज. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

स्वतःची गाडी नेऊ का?

पहिल्या खेपेला नको. रिसॉर्टची दिवसाची खोपटी घ्या: ने-आण, भोकं, हीटर आणि सहसा आमिषही त्यात असतं. नेलीच तर पट्टा काढून, काचा थोड्या खाली करून, हळू चालवा. गाडी बर्फ दाबते आणि खालच्या पाण्यात लाट तयार होते. वेगात असलात तर ती लाट किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात उसळून बर्फ फोडते. दोन गाड्या जवळजवळ उभ्या करू नका, आणि एका जागी रात्रभर ठेवू नका.

परवाना आणि मर्यादा काय आहेत?

मिनेसोटात सलग 60 दिवस राहिलेल्याला रहिवासी परवाना मिळतो. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना हातात काठी घ्यायची असेल तर बाहेरच्यांचा 24 किंवा 72 तासांचा परवाना घ्या. नुसतं बसून चहा प्यायला परवाना लागत नाही. परवान्याचं वर्ष 1 मार्चला बदलतं. फेब्रुवारीअखेर गेलात आणि मुक्काम मार्चमध्ये सरकला, तर नवा परवाना लागतो. दरवर्षी कोणी ना कोणी यात फसतं.

बर्फावर एका माणसाला दोन दोर टाकता येतात. इथे बरीच वर्षं चालत आलेली हिवाळी मर्यादा अशी: वॉलाय आणि सॉगर (वॉलायचाच जवळचा भाऊबंद) मिळून सहा, त्यात वॉलाय चारच. 19.5 ते 28 इंचांमधला प्रत्येक वॉलाय सोडायचा, 28 च्या वरचा फक्त एक ठेवता येतो. हा मधला पट्टा म्हणजे मुख्यतः अंडी देणाऱ्या माद्या. बर्बटसकट सगळ्यांचे आकडे बदलू शकतात, म्हणून निघायच्या आधी त्या वर्षीची नियमपुस्तिका मोबाइलवर उतरवून घ्या. बर्फावर नेटवर्कचा भरवसा नसतो.

वॉलाय आणि सॉगर ओळखायचे कसे?

शेपटीचं खालचं टोक बघा. पांढरं असेल तर वॉलाय. पाठीवरच्या काटेरी पंखावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतील तर सॉगर. अंधारात, हेडलॅम्पच्या निळसर उजेडात दोघे सारखे वाटतात, म्हणून पंख बोटांनी पूर्ण उघडून बघा. काप काढलेत तरी कातडीचा इंचभर चौकोन खवल्यांसकट ठेवा, कारण अधिकारी त्यावरूनच जात ओळखतो. मासे कापून प्रवास करायचा असेल तर त्याबद्दलचा नियम पुस्तिकेत वेगळा वाचा.

किमान सामान काय लागतं?

भोक पाडायला 8 इंची ऑगर. बॅटरीवरचा असेल तर बॅटरी जॅकेटच्या आत ठेवा, उणे 25 ला ती निम्मीही चालत नाही. फक्त बर्बटच्या मागे असाल तर 10 इंची भोक बरं. बर्फाचा चुरा काढायला झारा, म्हणजे इथला स्किमर. स्वयंपाकघरातला झारा आणू नका, पहिल्या तासात वाकतो.

वॉलायसाठी 28 इंची मध्यम काठी, त्यावर 6 पौंडी नायलॉन दोर, किंवा 8 पौंडी विणलेला दोर आणि पुढे 3 फूट फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात जवळजवळ न दिसणारा दोर. बर्बटसाठी 32 ते 36 इंची जाड काठी, 12 ते 15 पौंडी विणलेला दोर, पुढे 12 पौंडी फ्लुरोकार्बन. वॉलायच्या काठीवर बर्बट निघतो, पण निघेपर्यंत दोर इतका पिळतो की पुढचा तास तो सोडवण्यात जातो.

आमिषाचे मासे: जिवंत फॅटहेड किंवा चब, आणि गोठवलेले एमराल्ड शायनर. गळ, स्पून (धातूचं चमकतं, फडफडणारं आमिष) आणि जिग (डोक्याला वजन असलेला गळ) यांवर खाली लिहिलं आहे. पक्कड लांब तोंडाची घ्या. गळ्यात बर्फाचे सुळे, म्हणजे पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर चढायची टोकदार मुठींची जोडी. पायांत खिळ्यांचे पट्टे. सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की ऊब उरतच नाही.

फ्लॅशर घ्यायलाच हवा का?

हो. फ्लॅशर म्हणजे खालचा मासा आणि तळ रेघांनी दाखवणारं छोटं सोनार यंत्र. तळ्यावर 30 फूट पाणी आहे आणि मासा तळापासून फूटभर वर आहे की अर्ध्या पाण्यात तरंगतोय हे कळलं नाही तर तुम्ही आंधळेपणाने मासेमारी करताय. साधा गोल तबकडीचा फ्लॅशर पुरतो. तुमचा गळ एक पातळ रेघ म्हणून दिसतो, मासा येताना हिरवी रेघ, बरोबर खाली आला की लाल आणि जाड. बर्बट वेगळा दिसतो: तो तळाला चिकटून येतो, त्यामुळे नवी रेघ उमटत नाही, तळाचीच पट्टी जाड झाल्यासारखी वाटते. नवखी माणसं ती पट्टी पाहून यंत्राची संवेदनशीलता कमी करतात आणि मासा पुसून टाकतात.

थेट चित्र दाखवणारी महागडी सोनार यंत्रं आता सर्रास दिसतात. ती मासा शोधून देतात, त्याला तोंड उघडायला लावत नाहीत. तोच पैसा दोन जादा दिवस राहण्यात घातला तर जास्त मासे मिळतील असं आमचं मत आहे.

वॉलाय नेमका कसा पकडायचा?

दोन भोकं, चार ते पाच फूट अंतरावर. एकात हलवायची काठी, दुसऱ्यात पडून राहायची.

हलवायच्या काठीला पाव औंसाचा स्पून, तिकाटी गळाच्या एका काट्यावर शायनरचं नुसतं डोकं. डोकं असं चिमटून तोडा की थोडी आतडी लोंबती राहतील, वास त्याचाच असतो. अख्खा मासा लावलात तर स्पूनची फडफड मरते. चहाच्या रंगाच्या पाण्यात सोनेरी, गुलाबी, नारिंगी आणि अंधारात चमकणारे रंग चालतात. चंदेरी रंग इथे सहसा मागे पडतो.

स्पून तळाला टेकवा, दोनदा आपटा म्हणजे चिखलाचा ढग उठेल, मग फूटभर वर आणा. आता फूट-दीड फूट झटक्याने उचला आणि सैल दोरावर पडू द्या. असं तीन-चार वेळा. ही हाक. मासा यंत्रावर दिसला की हाक बंद. त्यानंतर फक्त काठीचं टोक थरथरवा, एक-दोन इंच. रेघ जवळ येऊन थांबली तर स्पून अगदी हळू वर न्या, सेकंदाला दोन इंच. मासा पाठोपाठ वर आला तर तो भुकेला आहे. थांबा, तो घेईल. वर आलाच नाही तर पुन्हा खाली नेऊ नका. वरून अंगावर येणारं भक्ष्य पाहून वॉलाय बिचकतो.

इथे बहुतेकांची चूक होते ती अशी: मासा दिसला की हात उत्साहाने जोरात हलतो. दिसायच्या आधी जोर, दिसल्यावर शांतता. उलटं केलंत की रेघ फिकी होऊन निघून जाते.

दुसऱ्या काठीला साधा गळ किंवा छोटा रंगीत जिग, त्यावर जिवंत फॅटहेड, पाठीच्या पंखाखाली अडकवलेला, तळापासून सहा इंच ते फूटभर वर. काठी बादलीच्या काठावर, टोक मऊ. टोक झुकलं की लगेच ओढू नका, हळूच उचलून वजन लागतंय का बघा आणि मग झटका. पुष्कळ वेळा स्पूनच्या हाकेला आलेला मासा प्रत्यक्षात या मुक्या दोरावरच्या फॅटहेडला धरतो.

दुपारी मासे तरंगतात. तळ कोरा आणि 15 ते 20 फुटांवर रेघा दिसल्या, तर स्पून त्यांच्या दोन फूट वर आणून ठेवा. वॉलायचे डोळे वर रोखलेले असतात. खाली गेलेलं आमिष त्याला दिसत नाही.

वेळ कोणती?

पहाटेचा तास आणि सूर्यास्ताच्या आधीचा दीड तास. डिसेंबरअखेरीस इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, जानेवारीअखेरीस सव्वापाचच्या आसपास. म्हणजे दुपारचं जेवण झालं की खरा खेळ सुरू होतो. वॉलायच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर आहे, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं.

आजूबाजूला शंभर खोपट्या आहेत. मासे यंत्रावर दिसतात पण खात नाहीत. काय करायचं?

या तळ्यावरचा सर्वांत मोठा प्रश्न हाच. उत्तर आमिषाच्या डबीत शोधू नका.

आधी जागा. दिवसभर ज्या पट्ट्यात गाड्या, ऑगर आणि जनरेटर चालले, तिथले मासे गेलेले नसले तरी सुस्त झालेले असतात. गर्दीच्या कडेला जा. मध्यापासून पाव मैल बाहेर सरकलं तरी फरक दिसतो. चिखलाच्या सपाट तळावर मासे एका खडकाला बांधलेले नसतात, कळप फिरतो, आणि गोंगाट त्याला कडेकडे ढकलतो. कायद्याने दुसऱ्याच्या खोपटीपासून दहा फुटांच्या आत खोपटी टाकता येत नाही, पण दहा फूट ही कायद्याची भाषा झाली. शंभर यार्ड सोडणं ही माणुसकी.

मग आवाज. सगळी भोकं दुपारी तीनच्या आत पाडा. साडेतीनला ऑगर सुरू करणारा स्वतःचं आणि चार शेजाऱ्यांचं नुकसान करतो. गाडीची दारं आपटू नका, बादली बर्फावरून ओढू नका. 30 फुटांवर हे कमी जाणवतं, पण 12 ते 18 फुटांच्या किनारपट्टीत, पाइन बेटासमोर वगैरे, प्रत्येक पाऊल ऐकू जातं.

मग लहान व्हा. पाव औंसाच्या जागी एक अष्टमांश, खुळखुळणाऱ्या स्पूनच्या जागी मुका, अख्ख्या डोक्याच्या जागी शेपटीचा तुकडा. जो स्पून सगळे वापरतायत तो मासे दिवसभर बघत असतात. आणि वीस मिनिटं एकही रेघ नाही तर भोक सोडा. तंबूत ऊब आहे म्हणून तिथेच बसणं, यातच गर्दीच्या तळ्यावरचे बहुतेक दिवस वाया जातात.

बर्बट रात्री कुठे आणि कसा शोधायचा?

जागा बदला. वॉलायच्या सपाट चिखलावर बर्बट मिळतो, पण नशिबाने. चिखल संपून खडी किंवा खडक सुरू होतो ती कड शोधा: पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्याचा पायथा, वाळूच्या दांड्याचं टोक. जानेवारीत पायथ्याशी, 25 ते 30 फुटांवर. फेब्रुवारीच्या मध्यापासून तोच मासा अंधार पडल्यावर उंचवट्यावर चढतो, कधीकधी दहा फुटांच्या आत. तळ कशाचा आहे हे कळायला जड स्पून आपटून बघा. खडकावर टक्कन हाताला लागतं, चिखलात तो रुततो आणि उचलताना चिकटतो.

आमिष मोठं आणि घाणेरडं. अर्धा ते पाऊण औंसाचा, अंधारात चमकणारा जाड स्पून, तिकाटी गळाच्या तिन्ही काट्यांवर शायनर किंवा सकर माशाचे तुकडे, असे की गळ झाकला जाईल. अतिनील टॉर्चने स्पून चमकवा. चमक पाच ते दहा मिनिटांत उतरते, म्हणून घड्याळ लावल्यासारखं वर काढून पुन्हा चमकवा. कंटाळा केलात तर खाली काळा धोंडा लटकतोय असं समजा.

हालचाल रांगडी. तळावर पाच-सहा वेळा धाडधाड आपटा, मग पाच सेकंद तळापासून इंचभर वर स्थिर. बर्बट डोळ्यांपेक्षा वासावर आणि कंपनावर येतो, आणि तो शेवटी आमिष तळावरूनच उचलतो. टणत्कार नसतो. काठी जड झाल्यासारखी वाटते, ओला टॉवेल अडकल्यासारखी. तेव्हा जोरात झटका द्या, कारण जबडा मांसल असतो.

वर येताना तो गोल फिरतो आणि भोकाजवळ शेपटी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवतो. ओढू नका. दोर ताणलेला ठेवून डोकं भोकात येईपर्यंत थांबा आणि मग एका दमात उचला.

चढ साधारण अंधार पडल्यावर तासाभराने सुरू होतो आणि नऊ-दहाला मंदावतो. पुन्हा पहाटे थोडा. विणीच्या काळात एका भोकातून लागोपाठ निघू लागले, तर दोन-तीन ठेवून थांबा. ते सगळे एकाच जागी जमलेले असतात, आणि हा मासा सावकाश वाढतो.

रात्री झोपायच्या खोपटीत घंटेचं रीळ असतं, ते कसं लावायचं?

भिंतीवरच्या रॅटल रीळाला खुळखुळा असतो. दोर 20 ते 30 पौंडी, जाड, हाताने ओढायचा असल्यामुळे. खाली अर्धा औंस शिसं, त्याखाली फूटभर दोर आणि मोठा साधा गळ, त्यावर मेलेला शायनर, तळाला टेकवून. रीळाची गाठ इतकी सैल हवी की मासा ओढेल तेव्हा फिरेल, आणि इतकी घट्ट की शिशाच्या वजनाने फिरणार नाही. चाचणी: दोर बोटाने हलका ओढा, वाजला पाहिजे. वाजल्यावर पायात चपला शोधत बसू नका, आधी दोर धरा. दोर हातावर गुंडाळू नका. मधूनच पाइक हा मोठा मासा लागतो आणि ताणलेला दोर बोट कापतो.

लक्षात ठेवा, हे रीळ तुमच्या दोन दोरांतच मोजलं जातं. बाहेर बर्फावर झेंडीचं साधन (मासा लागला की झेंडी उभी करणारं) लावलं असेल तर त्यापासून 200 फुटांच्या आत राहावं लागतं.

मासे लागतात पण सुटतात. का?

चार नेहमीची कारणं. गळ बोथट: नखावर घासून बघा, घसरला तर बदला. काठीच्या कड्यांत बर्फ साठला, म्हणून झटका टोकापर्यंत पोचलाच नाही: तंबूत गरम ठेवा, बाहेर असाल तर दर काही मिनिटांनी बोटांनी फोडा, तोंडात धरून वितळवू नका. रीळाचा ब्रेक गोठून घट्ट झाला. आणि आमिष इतकं मोठं की माशाने फक्त त्याचं टोक धरलं होतं.

हीटर आणि हवा?

तंबूत प्रोपेनचा हीटर असेल तर खाली एक आणि वर एक झडप उघडी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. यात तडजोड नाही. या वायूला वास नसतो, डोकं दुखतं आणि थकवा वाटतो, तो लोक थंडीचा समजतात. एक पौंडाची छोटी टाकी हीटर 9,000 बीटीयूवर (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) असेल तर अडीच तासही पुरत नाही, 4,000 वर साधारण साडेपाच. कडक थंडीत छोट्या टाकीचा दाब पडतो, म्हणून रात्र काढायची असेल तर 20 पौंडांची टाकी आणि नळी. चालू हीटरसमोर झोपू नका.

सोडायचा मासा जगेल याची काळजी कशी घ्यायची?

बर्फावर ठेवू नका. उणे 20 ला डोळे आणि कल्ले काही सेकंदांत गोठतात. भोकाच्या वरच गळ काढा, मोजपट्टी आधीच ओली करून तयार ठेवा, फोटो एकच. गळ घशात गेला असेल तर दोर कापा. 30 फुटांवरून आलेल्या वॉलायचं पोट फुगतं. त्याला डोकं खाली करून जोराने भोकात सोडा, म्हणजे तो खोलवर जातो. तरी काही मासे मरतात. म्हणून मर्यादा पूर्ण झाली की फक्त मजेसाठी खोल पाण्यात पकडत राहणं आम्हाला पटत नाही. सोडायच्या मापातला मासा रक्तबंबाळ झाला तरी तो ठेवता येत नाही.

बर्बट साफ कसा करायचा? खवले तर निघत नाहीत.

खवले काढायचेच नाहीत, कातडी सोलायची. डोक्यामागे सगळीकडून उथळ चीर द्या, फक्त कातडीपुरती. डोकं खिळ्याने फळीला ठोका किंवा जाड हातमोज्याने धरा. पकडीने कातडीची कड पकडून शेपटीकडे एका ओढीत खेचा, पायमोजा उतरवल्यासारखी निघते. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब पट्टे आणि शेपटीचं मांस काढा. बारीक काटे नसतात, ही मोठी सोय. यकृत खूप मोठं आणि तेलकट असतं. त्यात परजीवी दिसतात, आम्ही टाकतो.

पूर्वी लोक बर्बट बर्फावरच फेकून जायचे. असे ढीग अजूनही कधी दिसतात. मासा वाया घालवणं बेकायदेशीर आहे, आणि मूर्खपणाचंही, कारण चवीला तो वॉलायच्या तोडीस तोड आहे.

शिजवायचा कसा?

इथली पद्धत: दीड इंचाचे तुकडे, उकळत्या पाण्यात मीठ आणि थोडी साखर घालून दोन-तीन मिनिटं, वर तरंगले की काढायचे आणि वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचे. गरिबाचं लॉबस्टर म्हणतात ते हेच. मिनिटभर जास्त झालं की रबर.

बर्बटचं मांस घट्ट असल्यामुळे रश्शात फुटत नाही. कोकम, नारळ, त्रिफळं घातलेल्या पातळ आमटीत तो सुरमईच्या तुकडीसारखा उभा राहतो. वॉलायचं मात्र उलट: मांस नाजूक, वास जवळजवळ नाही. त्याला हळद, मीठ, लिंबू आणि बारीक रवा, बस. मालवणी मसाल्याचा लेप दिलात तर तुम्ही मसालाच खाल. वॉलायचे गालाचे दोन गोळे फेकू नका. फ्रीजरमध्ये बर्बट महिन्याच्या वर ठेवू नका, चिवट होतो.

किती खाल्ला तर चालेल?

इथल्या तळ्यांतल्या मोठ्या भक्षक माशांत पारा साठतो. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला गरोदर स्त्रिया आणि 15 वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा आणि कडक आहे, तो तळ्यागणिक बघा. ढोबळ नियम: लहान मासा खा, मोठा सोडा. 14 ते 17 इंचांचा वॉलाय चवीलाही उत्तम.

उरलेलं आमिष, कचरा, आणि ते दुसरं?

आमिषाची बादली तळ्यावर रिकामी करू नका आणि तळ्याचं पाणी त्यात भरून घरी नेऊ नका. इथे काटेरी पाणपिसू शिरलेली आहे, आणि ती पाण्यातून पसरते. उरलेले मेलेले शायनर पिशवीत घालून कचऱ्यात. ऑन्टारिओच्या बाजूला जाणार असाल तर तिथला परवाना वेगळा लागतो, आणि जिवंत आमिष सीमेपलीकडे नेता येत नाही.

कचरा आणि मैला बर्फावर टाकण्याविरुद्ध 2023 पासून राज्यात स्वतंत्र कायदा आहे. झाकणाची बादली, जाड पिशवी आणि मांजरासाठी वापरतात ती माती. लहान मुलं बरोबर असतील तर ही बादली आधी गाडीत चढवा, काठ्या नंतर. आणि रिकाम्या भोकांवर फळी टाका. आठ इंचांच्या भोकात मोठ्या माणसाचा पायही मांडीपर्यंत जातो.